घरचा होकार

“तिनं नाव कसाले टाकतस? तिना घरना काय धाडाव नहीत तिले.”

“हा, ते बी शे,” ताई म्हणाल्या आणि कीबोर्डवरची एक कळ सलग दाबल्याचा आवाज आला. नाव खोडायला तेवढंच लागतं.

बोलणारे सर आमच्या कॉलेजच्या प्लेसमेंट सेलचे प्रमुख, आणि ताई तिथल्या क्लार्क. मी लोखंडी कपाटामागे, प्रिंटरच्या पोटात मनगटापर्यंत हात घालून अडकलेला कागद ओढत उभी होते. त्या खोलीत पूर्वी खेळाचं सामान असायचं. सेल सुरू झाला तेव्हा मधे कपाट लावून तिचे दोन भाग केले: पुढे सरांचं टेबल, मागे प्रिंटर. ते दोघं काही चोरून बोलत नव्हते. मी मागे आहे हे विसरले होते, एवढंच. माझ्याबाबतीत असं होतं. मी खोलीत असते आणि लोक विसरतात.

‘ती’ म्हणजे मी, यात शंका नव्हती. ताई एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या मुलींची नावं आडनावाच्या क्रमाने वाचत होत्या. माझं वाचलं, मग सरांचं हे वाक्य आलं, की हिचं नाव कशाला टाकतेस, हिच्या घरचे हिला पाठवणार नाहीत, मग पुढच्या मुलीचं नाव.

कागद निघाला, तरी मी लगेच बाहेर गेले नाही. मी ऐकलं हे कळून त्यांना अवघडल्यासारखं होईल असं वाटलं. माझं नाव खोडलं गेलं होतं आणि मला काळजी होती ती खोडणाऱ्यांची. आज लिहिताना हे विचित्र दिसतं. तेव्हा अगदी साहजिक वाटलं होतं. मी प्रिंटरचं झाकण जरा जोरात बंद केलं, थोडा वेळ जाऊ दिला आणि मग पुढे आले. मला पाहताच सर मराठीवर आले.

“झाला का चालू? वा. तू नसती तर आमचं काय झालं असतं?”

मी हसले. मला अहिराणी किती कळते हे तिथे कुणाला माहीत नव्हतं, कारण माझ्याशी कुणी अहिराणीत बोलतच नसे.

अंकलेश्वरची एक औषध कंपनी पुढच्या आठवड्यात कॅम्पसला येणार होती. मुलाखतीच्या दिवसालाच आम्ही कॅम्पस म्हणायचो. त्यांना क्वालिटी कंट्रोलच्या प्रयोगशाळेत शिकाऊ केमिस्ट हवे होते. मुली चालतील असं कळवलं होतं आणि मुलींच्या राहण्याची सोयही होती. शहाद्याहून तळोदा, अक्कलकुवा करत जाणारा रस्ता पुढे अंकलेश्वरलाच जातो. आमच्याकडची मुलं त्या रस्त्याने नोकरीला कायम जातात-येतात. मुली गुजरातेत जातात त्या बहुतेक लग्न होऊन.

मला ती जागा हवी होती. का, असं विचाराल तर मोठं काही सांगता येणार नाही. प्रयोगशाळेत मला बोलावं लागत नाही. ब्युरेटमधून थेंब पडत असतात, रंग बदलतो त्या क्षणी तोटी बंद करायची असते आणि तेवढ्या वेळात माझ्याकडून कुणाला दुसरं काही नको असतं. असं काम दिवसभर करता येतं, त्यासाठी वेगळ्या गावात वेगळी खोली मिळते, आणि त्या खोलीला आतून कडी असते, एवढं मला कळलं होतं. त्या कडीचा मी जरा जास्तच विचार करायचे. आमच्या घरात दारं पुष्कळ आहेत, पण दिवसा कुणी ती लावत नाही.

मुलाखतीला बसायचा सरांचा एक नियम होता. मुलांची नावं थेट जायची. मुलींचं नाव घरचा होकार मिळाल्यावर. सर वडिलांना फोन करत, जमलं तर कॉलेजात बोलावत आणि विचारत, मुलगी निवडली गेली तर पाठवाल ना? हो आलं तरच नाव पुढे. यामागे कारण होतं. पूर्वी एका कंपनीने आमच्या कॉलेजातून मुलीच मुली निवडल्या. पेढे वाटले गेले, फोटो निघाले, आणि रुजू व्हायच्या दिवशी एकही मुलगी गेली नाही. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची आजी अडून बसली, कुणाच्या भावाने बॅगच भरू दिली नाही. ती कंपनी पुन्हा फिरकली नाही. तिला आणायला सरांनी किती हेलपाटे घातले होते ते ताई अजून सांगायच्या. “त्या जागांवर डोंगरातली पोरं लागली असती,” सर म्हणायचे, आणि ते खरंच होतं. म्हणून मला त्यांच्या नियमाचा राग कधी आला नव्हता. मुलींना नियम समजावून सांगायचं कामही माझ्याकडेच होतं.

तेव्हा कपाटामागे मी जो अर्थ लावला तो सरळ होता. सरांनी पप्पांना फोन केला असणार. पप्पा नाही म्हणाले असणार. आणि घरी मला ते सांगावं असंही त्यांना वाटलं नाही.

सेलमध्ये मी पोचले ती इंग्रजी शाळेमुळे. आमचं गाव तापीकाठी. घरी आम्ही गुजरी बोलतो, बसमध्ये नि बाजारात अहिराणी कानावर पडायची आणि मराठी शाळेत एक विषय म्हणून होती. बाकी सगळं शहाद्याच्या इंग्लिश मीडियममध्ये. त्यामुळे माझ्याबद्दल लोकांची एक पक्की समजूत झाली: हिला बोलता येतं. खरं तर शाळेत मी वाचायला शिकले, लिहायला शिकले आणि पाठ करून मायकावर म्हणायला शिकले. बोलायला शिकले असं म्हणता येणार नाही. पाठ केलेलं इंग्रजी मी भरल्या सभागृहात न अडखळता म्हणू शकते, कारण त्यातलं काहीच माझं नसतं. बसच्या कंडक्टरकडे सुटे मागायचे म्हटले की मात्र मी फाट्यापासून मनात वाक्य जुळवत बसते.

सरांना माझं मायकावरचं इंग्रजी कॉलेजच्या पहिल्याच कार्यक्रमात सापडलं. “आता बाहेरून कोणी आणायला नको,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. तेव्हापासून कंपनी कोणतीही येवो, सूत्रसंचालन माझं. मग कंपन्यांना जाणारे ईमेल माझ्याकडे आले, मग मुलांचे रिझ्युमे. ते काम मला आवडायचं. एका मुलाने रिझ्युमेत उंची, रक्तगट आणि मामाचं गाव लिहून आणलं होतं. त्याने आजवर पाहिलेला बायोडेटा लग्नाचाच होता.

“मामाचं गाव काढू?” मी विचारलं.

“राहू दे ना,” तो म्हणाला. “मामा सुरतलाच शे. वळख निघी काय माहीत.”

मी ते ‘संपर्काचे अन्य ठिकाण’ म्हणून ठेवलं. तो लागला. मामामुळे नव्हे, पण त्याचा अजून तसा समज आहे.

सर प्रत्येक वर्गात येऊन सांगायचे, सेलचा फायदा घ्या, सेल तुमच्यासाठी आहे. माझ्याइतका त्या खोलीत कुणी वेळ काढला नसेल. कोणती कंपनी मार्कांकडे बघते, कोणती फक्त रात्रपाळीला तयार आहात का विचारते, कुणाचा लेखी पेपर दरवर्षी तोच असतो, सगळं मला ठाऊक होतं. आज एखादी धाकटी मुलगी मला विचारते, ताई, सेलचा उपयोग कसा करायचा? मी तिला रिझ्युमे लवकर तयार ठेव म्हणते, मॉक मुलाखत चुकवू नको म्हणते. मग थांबून म्हणते, तुला बसायचंय हे तोंडाने सांग. ती माझ्याकडे बघते, म्हणजे हे काय सांगायचं असतं? मला मात्र वाटत होतं की रोज समोर वावरणाऱ्या माणसाला काय हवंय ते दिसतंच. सरांना दिसत होतं ते वेगळं होतं. सेलला मदत करणारी, चांगल्या घरची, बागायतदाराची मुलगी.

माझी जिवलग मैत्रीण धडगावकडची. आश्रमशाळेत शिकलेली, कॉलेजजवळ लोणखेड्यात दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहणारी. तिच्या घरी पावरी, माझ्याशी मराठी, आणि सरांची नक्कल करायची असेल तेव्हा अहिराणी. तिचे वडील होकार द्यायला स्वतः आले होते. सरांसमोर बसले, “जाऊ द्या तिला” म्हणाले, आणि पुढे काही विचारायचं आहे का याची वाट पाहत राहिले. सरांकडे विचारायला काही उरलं नव्हतं.

कॅम्पसच्या आधी मॉक मुलाखती असत, आणि साहेबाच्या खुर्चीत सर मला बसवत. प्रश्न इंग्रजीतून मी विचारायचे.

“टेल मी अबाउट युअरसेल्फ,” मी मैत्रिणीला म्हणाले.

“मायसेल्फ…” ती म्हणाली आणि तिने जीभ चावली. “मायसेल्फ म्हणायचं नाही ना? थांब. आय अॅम फ्रॉम धडगाव. माय फादर इज फार्मर. माय मदर इज आल्सो फार्मर. पण आई जास्त काम करते, हे कसं म्हणू?”

मागची मुलं हसली.

“ते सांगायची गरज नाही,” मी म्हणाले.

“का नाही? विचारलंय तर सगळं सांगते.”

सगळे गेल्यावर ती उठून माझ्या खुर्चीपाशी आली. “ऊठ. आता मी साहेब. बसा पाटीलबाई. टेल मी अबाउट युअरसेल्फ.”

मी समोर बसले. या प्रश्नाची उत्तरं मी कितीतरी जणांना लिहून दिली होती. प्रत्येकाचं वेगळं, त्याच्या तोंडी बसेल असं. माझं एकही मला आठवेना. तिने हनुवटीला हात लावून साहेबासारखी वाट पाहिली.

“मला नको,” मी म्हणाले. “माझं नाव नाहीये.”

“नाही म्हणजे?”

“घरून नाही म्हणाले.”

“कोण म्हणालं?”

“पप्पा. सरांना.”

“तुला म्हणाले?”

“नाही.”

“मग तू विचारलंस?”

मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

“बाई गं,” ती म्हणाली, “तुझ्या तोंडून एक वाक्य काढायचं म्हणजे बोअर मारल्यासारखं आहे. खाली खाली जायचं, आणि पाणी लागेल याची खात्री नाही.”

तिने ते हसतच म्हटलं होतं. मी दोन दिवस तिला टाळलं.

घरी पपईची तोड चालू होती. पहाटेपासून बागेत माणसं, दुपारी रद्दीत गुंडाळलेली फळं गाडीत, आणि पप्पांच्या कानाला फोन. दिल्लीच्या व्यापाऱ्याशी ते हिंदीत भावावरून वाद घालत, मजुरांशी अहिराणीत बोलत, आमच्याशी गुजरीत. घरचं बोलणं मी इथे मराठीत लिहितेय. त्या आठवड्यात त्यांची प्रत्येक गोष्ट मला नकाराची खूण वाटायला लागली. त्यांनी सकाळी मला फाट्यापर्यंत गाडीवर सोडलं, तर वाटलं, मनाला लागलं असेल म्हणून सोडतायत. एकदा सोडलं नाही, तर वाटलं, तोंड चुकवतायत. मी रागावले होते. रागावले की मी बोलत नाही. पण मी एरवीही बोलत नाही, त्यामुळे घरात कुणाला फरक कळला नाही.

फक्त मम्मी म्हणाली, “तोंड का असं? पेपर जवळ आले का?”

“हो.”

“होतील पार. पेपर झाले की मोकळी.”

मोकळी या शब्दात काय काय आहे ते मला माहीत होतं. माझ्यापेक्षा वर्षाने मोठी चुलतबहीण आदल्या वर्षी अशीच मोकळी झाली होती. तिचे पेपर संपले त्या महिन्यात पाहुणे आले, आणि आता ती बारडोलीकडे असते. मजेत आहे. तिच्याकडे गेले की मजेत आहे असंच सांगते, आणि मी पुढे विचारत नाही, कारण मलाही कुणी पुढे विचारलेलं आवडत नाही.

मग एका रात्री जेवताना पप्पा सहज म्हणाले, “आज तुझ्या सरांचा फोन आला होता.”

माझा घास हातात राहिला. “काय म्हणाले?”

“शुक्रवारी कंपनीवाले येणार आहेत म्हणे. पाहुण्यांसाठी चांगली पपई मिळेल का विचारत होते. म्हटलं, मिळेल काय, मीच आणून टाकतो दोन कॅरेट.”

“अजून काय म्हणाले?”

“अजून काय म्हणणार? तू मायकावर फार छान बोलते म्हणाले.” ते मम्मीकडे बघून हसले. “पहिल्यांदाच बोललो आम्ही. माणूस चांगला वाटला.”

पहिल्यांदाच.

मम्मीने विचारलं, “किती जणांना घेणार ती कंपनी?”

“घेतील पाच-सात. चांगलं आहे. गरजेची पोरं आहेत, लागतील कामाला. आपल्याला काय, देवाच्या दयेने तशी गरज नाही.”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि भाजीत बुडवला. त्या बोलण्यात काहीच वाकडं नव्हतं. ते खरोखर त्या पोरांसाठी खूश होते. मी ताटाकडे बघत बसले. आठवडाभर ज्यांच्यावर राग धरला होता, त्यांना काही माहीतच नव्हतं. सरांनी त्यांना विचारलं नव्हतं, कारण आमच्या घरांतून मुली पाठवत नाहीत हे सरांना ठाऊक होतं. पप्पांनी मला विचारलं नव्हतं, कारण गरज नाही हे त्यांना ठाऊक होतं. आणि मी पप्पांना विचारलं नव्हतं, कारण त्यांचं उत्तर मला ठाऊक होतं. तिघंही एकमेकांची अडचण होऊ नये म्हणून जपत होतो. त्यात माझी जागा गेली होती.

आता विचारायला हवं होतं. पप्पा समोर बसले होते, फोन बाजूला उलटा ठेवला होता, असं क्वचित होतं. मी तोंड उघडलं.

“भाकरी देऊ अजून?” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की सरांनाच सांगू. सेलमध्ये गेले. सर फोनवर होते, त्यांनी हाताने थांब म्हटलं, मी थांबले. फोन ठेवला.

“सर, मी…”

“हां, स्क्रिप्ट झाली का? त्या एचआर मॅडमचं आडनाव गुजराती आहे, नीट म्हणशील. मागे एका पाहुण्यांचं आपण चुकवलं होतं.”

“हो सर.”

“अजून काही?”

ताई संगणकावरून माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, त्यांना कळलंय. त्यांनी नजर काढली नाही, मला वेळ देत राहिल्या. पण दारात दोन मुलं रिझ्युमेवर सही घ्यायला उभी होती, आणि त्यांच्यासमोर मला ते म्हणवेना.

“नाही सर.”

शुक्रवारी कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. मी मायकावर इंग्रजीतून पाहुण्यांचं स्वागत केलं, कंपनीची माहिती दिली, आमच्या विद्यार्थ्यांमध्ये कोणते गुण आहेत ते सांगितलं. कष्टाळू, शिकायला उत्सुक, कुठेही जायला तयार. ही वाक्यं मीच लिहिली होती. टाळ्या झाल्या. एचआर मॅडम साध्या सुती ड्रेसमध्ये आल्या होत्या, वयाने पस्तिशीच्या असतील. व्यासपीठावरून उतरताना त्या माझ्यापाशी थांबल्या.

“आप भी केमिस्ट्री से हो? आप नहीं बैठ रहे?”

मी उत्तर द्यायच्या आत सर म्हणाले, “नहीं मॅडम, ये तो हमारी अँकर है. अच्छे घर की है, इनको क्या जरूरत.”

मॅडम हसल्या, पण त्यांनी माझ्याकडेच पाहिलं. माझं हसू मला चेहऱ्यावर जाणवलं, उन्हात वाळलेल्या कपड्यासारखं ताठ. मॅडम मग सरांना म्हणाल्या की कुणाचं नाव राहिलं असेल तर जेवणापर्यंत सांगा, नंतर त्यांना परत निघायचंय.

मुलाखती वरच्या मजल्यावर होत्या. मी खाली पाहुण्यांच्या जेवणाची पानं मांडत होते. पप्पा तेवढ्यात पिकअप घेऊन आले. त्यांनी कॅरेट स्वतः उतरवली, वरची फळं बाजूला करून खालची दाखवली, कोणती आज कापायची नि कोणती उद्या तेही सांगितलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. कॉलेजात यायचं म्हणून घातला असणार. सर लगबगीने बाहेर आले.

“या भाऊ, या. चहा घेतल्याबिगर जावानं नही. तुमनी पोर म्हंजे आमना कॉलेजना आवाज शे.”

पप्पा लाजले. त्यांना मी इतकं लाजताना पाहिलं नव्हतं. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की ते माझ्यासारखेच आहेत. व्यापाऱ्याशी भावावरून भांडताना त्यांना शब्द सापडतात, इथे सापडत नव्हते. ते नुसते “हो, हो” करत राहिले.

जिन्यावरून माझी मैत्रीण उतरली. कपाळावर घाम, पण डोळे चमकत होते.

“झाली माझी. ती मॅडम मधेच गुजरातीत शिरली. मला कुठं येतं? पण कळलं सगळं. आईचं पण सांगितलं मी, हिंदीत. हसली ती.” मग तिने अंगणाकडे पाहिलं. “ते तुझे पप्पा ना?”

“हो.”

“मग झालं तर. घरून आलेत की तुझ्या.”

मी मांडलेली पानं पुन्हा मोजायला लागले.

“मी वर जाऊन ताईंना सांगते, मॅडमला थोडं बसवून ठेवा म्हणून.”

“कशाला?”

“तुला वेळ लागतो म्हणून,” ती म्हणाली आणि खरंच दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

चहा झाला. सर आणि पप्पा पिकअपपाशी उभे होते. पप्पांनी रिकामं कॅरेट मागे टाकलं आणि किल्ली काढली. बागेतून फोन येत होता, त्यांनी तो कापला.

“निघतो बेटा. गाडी भरायची राहिलीय.” मी तशीच उभी राहिले तेव्हा म्हणाले, “काय गं? घसा बसला का बोलून?”

सरांनीही माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असणार, पानं कमी पडली किंवा माईक बंद पडला. मी नेहमी आणते तशीच काहीतरी अडचण आणली असणार. माझ्या मनात वाक्य तयार नव्हतं. आठवडाभर जी केली होती ती सगळी इंग्रजीत होती आणि इथे ती कुणाच्याच कामाची नव्हती. पप्पांशी मी कधी मराठीत बोलत नाही. तेव्हा बोलले, कारण ते दोघांनाही एकदमच ऐकू जायला हवं होतं. आवाज फार बारीक आला. पप्पांना थोडं पुढे वाकावं लागलं.

“पप्पा, वर मुलाखती चालू आहेत, मला बसायचंय. सर मुलींच्या घरी आधी विचारतात, पाठवाल का म्हणून. तुम्हाला विचारलं नाही. मीही विचारलं नाही. आपल्याला गरज नाही, मला माहीत आहे. मला जायचंय.”